माहिती देणारा : भाऊ

कॅज्युअल्टीतला पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खालच्या फटीतून दादाच्या चपला दिसत होत्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांचे बूट. मी पलंगावर कुशीवर पडले होते. माझ्याबद्दल जे बोललं जात होतं ते मला सगळं ऐकू येत होतं. पडद्यानं दिसायचं तेवढं थांबतं.

मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम करते. बातमीदारांनी पाठवलेल्या बातम्या तपासायच्या, अमुक गोष्ट कुणी सांगितली ते बघायचं, लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारायचं, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घेतलं का ते बघायचं, हे काम. त्या दुपारी मी पलंगावर नसून डेस्कवर असते तर पडद्यापलीकडच्या त्या संभाषणाची बातमी माझ्या हातून छापायला गेली नसती, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

मला बायपोलर आजार आहे. कॉलेज संपता संपता तो सुरू झाला, दोनदा मोठा झटका येऊन गेला आणि मग लिथियमच्या गोळीवर थांबला. गोळी रोज घ्यायची, ठरावीक काळानं रक्तातलं प्रमाण तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं. एवढं केलं तर माणूस नोकरी करू शकतो, एकटं राहू शकतो. मी दोन्ही करत आले. उलव्यात माझा फ्लॅट आहे. सोसायटीत कुणाला माझा आजार माहीत नाही आणि ऑफिसात फक्त संपादकांना माहीत आहे.

आमचं मूळ घर शिरवण्याचं. गाव आता चारी बाजूंनी नवी मुंबईच्या सेक्टरांत अडकलंय, पण गावदेवीचं देऊळ आणि तिची चैत्रातली जत्रा जागेवर आहेत. आजोबा आणि वडील मिठागरात राबले. मिठागरं गेली, शेतं गेली. दादानं राहत्या घरावर मजले चढवून खोल्या भाड्यानं दिल्या, आणि तो एमआयडीसीतल्या कंपन्यांना टेम्पो पुरवतो. आई त्याच्याकडे असते. तो माझ्यापेक्षा मोठा. मला तो नावानं क्वचितच हाक मारतो, बाय म्हणतो. आमच्याकडे घरातल्या मुलीला असंच म्हणतात.

आमच्या घरात सगळ्यात मोठा नवस मिठाचा. लोक गोड सोडतात, मासळी सोडतात, आमच्याकडे मीठ सोडतात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ ओढलं त्यांच्याजवळ देवीला द्यायला दुसरं होतंच काय, असा त्यामागचा विचार असावा. त्या वर्षी आईनं नवस बोलला होता की माझी पोर गोळ्यांतून सुटू दे, जत्रेपर्यंत अळणी जेवेल. नवस तिचा, जेवायचं मी. जत्रेच्या आधी मी सुट्टी काढून तिच्याकडे राहायला गेले होते. आई माझं ताट वेगळं वाढायची, आणि सगळ्यांच्या ताटातला बोंबील मी बघू नये म्हणून मला भिंतीकडे तोंड करून बसवायची. मी हसून जेवले. तिला बरं वाटत होतं.

गोळ्या मी सोडल्या नाहीत. मीठ सोडलं. मीठ कमी झालं की शरीर लिथियम धरून ठेवतं आणि ते रक्तात साचत जातं, हे मला नंतर कळलं. माझ्या डॉक्टरांनी पाण्याचं सांगितल्याचं आठवतं. मिठाचं सांगितलं होतं की नाही, ते आठवत नाही. म्हणून त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही.

आधी हात थरथरू लागले. गोळीमुळे बारीक थरथर नेहमीच असते, कप बशीवर किणकिणतो. ही तशी नव्हती. घास तोंडापर्यंत जाईना. मग उलट्या आणि जुलाब झाले. चैत्राचा उकाडा होता, सगळ्यांनी ऊन लागलं म्हटलं. मग चालताना मी भिंत धरू लागले, आणि एका दुपारी माझी जीभ जड झाली. मला काय म्हणायचंय ते मला स्पष्ट कळत होतं, तोंडातून मात्र चिखल येत होता.

दादानं गाडी काढली. "बाय, चल. बस झाला आता," तो म्हणाला. आईनं माझ्या गोळ्यांची पाकिटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याकडे दिली. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. नवी मुंबईत असं एकच रुग्णालय नाही.

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, वाईट नव्हते. त्यांनी जीभ बघितली, रक्तदाब घेतला, बोटाला सुई टोचून साखर बघितली. "काय होतंय मॅडम?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मी उत्तर जुळवेपर्यंत दादानं पिशवी पुढे केली.

"ह्या कसल्या गोळ्या?"

"डोक्याच्या हायत, सर."

"म्हणजे सायकियाट्री?"

"हां. लय वर्षं झाली. तसं काय नाय, नोकरी करते ती."

त्यानंतर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पडदा ओढला आणि ते दादाशी बोलू लागले.

"दारू वगैरे घेतात का? बोलणं जड येतंय."

"नाय हो सर. ती पेपरात हाय."

चादरी बदलणारी मावशी तिथेच होती. ती म्हणाली, "पेपरातले घेत नाहीत की काय?" दादाही हसला. मी आतून जमेल तितक्या मोठ्यानं म्हणाले, "लिथियमची लेव्हल काढा." पुन्हा म्हणाले. डॉक्टरांनी पडद्यातून डोकं आत घातलं. "मॅडम, रिलॅक्स. भावाशी बोलतोय ना मी."

उलटीचं इंजेक्शन देतो, असं त्यांनी दादाला सांगितलं. बाकी सगळं यांचं जुनंच वाटतंय. गुरुवारी सायकियाट्रीची ओपीडी असते, तेव्हा घेऊन या.

"सर, गुरवारपर्यंत कशी सांभालू? उभी राहत नाय ती."

"बेड नाहीयेत हो. वर सायकियाट्रीला आहेत ते रिस्कवाल्या पेशंटसाठी. काही रिस्क आहे का? स्वतःला काही करून घेतात? कुणाला मारतात?"

"नाय नाय. तसलं काय नाय."

हे उत्तर मी मुद्दाम लिहून ठेवते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला होता.

तेवढ्यात कळंबोलीहून ट्रकखाली पाय सापडलेला एक क्लीनर आणला गेला आणि डॉक्टर तिकडे धावले. पडद्याबाहेर दादा आणि मावशी राहिले. मावशीचा आवाज खाली आला, पण ती पलंगाच्या अगदी जवळ उभी होती.

"पहिल्यांदाच आलात काय, दादा?"

"इथं पहिल्यांदाच."

"मग बरोबर. असं गरीब तोंड करून बेड मिळत नसतो. मारते म्हणून सांगायचं. मारते म्हटलं की सरळ वर घेतात. इथं सगळे तेच सांगतात."

"अहो पन ती मारत नाय कोनाला."

"कोण बघायला येणारे? पेशंट तुमचा का डॉक्टरचा?"

 दादाच्या चपला दाराकडे गेल्या, परत आल्या. त्याला काय दिसत होतं ते मी समजू शकते. बहीण उभी राहत नव्हती, बोलत नव्हती, आणि डॉक्टर तिला घरी न्या म्हणत होते. तो घाबरला होता. त्याच्या भीतीबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

डॉक्टर परत आले.

"सर, एक सांगायचं राह्यलं. हात उगारते ती."

"कुणावर?"

"आमच्यावर. आईवर पन. काल ढकलली आईला. म्हातारी हाय, पडली."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"घरातली गोष्ट हाय, सर. लाज वाटते."

आईला ढकललं हे मावशीनं सांगितलेलं नव्हतं, ते त्याचं स्वतःचं होतं. आणि शेवटचं वाक्य तर फारच चांगलं होतं. डेस्कवर असं एखादं वाक्य आलं की उरलेल्या बातमीवर कुणी शंका घेत नाही. डॉक्टरांचाही आवाज बदलला. ते हळुवार झाले, दादाशी.

मी उठायचा प्रयत्न केला. खोटं आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. जीभ वळली नाही. पडदा बाजूला करायला हात उचलला तो थरथरत कुठल्या कुठे गेला, बाजूच्या स्टुलावरचा ट्रे लागला आणि सुया, कापूस, स्टीलची वाटी खाली पडली. वाटी बराच वेळ जमिनीवर वाजत राहिली. मावशी ओरडली, "धरा, धरा! बघितलं ना, सर?"

डॉक्टरांनी बघितलं. आता ते साक्षीदार होते.

वॉर्डबॉय आले. ते उद्धट नव्हते. "ताई, हात द्या, काय नाय होत," असं म्हणत त्यांनी जखमेला बांधतात तसल्या पट्टीनं माझी मनगटं पलंगाच्या दांड्यांना बांधली. पाय धरायला माणूस कमी पडला. ते दादानं धरले. त्याचे हात मला कुणी न सांगता कळले असते. त्याच्या अंगठ्यावर टेम्पोच्या फाळक्यात सापडल्याची गाठ आहे, ती माझ्या घोट्यावर लागत होती. मी त्याच्याकडे बघत होते. तो माझ्या गुडघ्यांकडे बघत होता. मग इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वॉर्डात मेडिसिनच्या एक डॉक्टर आल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईला बघायला त्यांना बोलावलं होतं. जाता जाता त्यांची नजर माझ्या बांधलेल्या हातांवर पडली. सिस्टरला सांगून त्यांनी एका हाताची पट्टी सोडायला लावली आणि मला हात पुढे धरायला सांगितलं. हात फडफडत होता. त्यांनी माझ्या गोळ्या विचारल्या, मग थेट मला विचारलं, "उलट्या कधीपासून? जेवत काय होतात?"

मी दोन-तीनदा प्रयत्न करून "अळणी" म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "का?"

"देवीसाठी."

त्या सिस्टरवर ओरडल्या. रक्त गेलं, लिथियमची गोळी बंद झाली, सलाइन लागलं. सलाइन म्हणजे शेवटी मिठाचंच पाणी. ते शिरेतून जात राहिलं आणि हळूहळू माझी जीभ मला परत मिळाली. किडनी थोडक्यात वाचली, असं त्या म्हणाल्या. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

हे वाक्य दादानंही ऐकलं. त्यानं ते जपून ठेवलं.

जीभ सुटल्यावर मी पहिलं त्याच्याशीच बोलले. तो डबा घेऊन आला होता. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, चांगली खारट. पलंगाच्या कडेवर बसून तो स्वतः भाकरीचे तुकडे करत होता.

"दादा, मी आईला कधी ढकललं?"

"कधी नाय."

"मग?"

"मग काय? बेड मिलाला का नाय?" त्यानं तुकडा माझ्यापुढे धरला. "जेव. घरी नेली असती तर मेली असतीस तू. डॉक्टरीनबाय काय बोलली, ऐकलंस ना?"

त्याचं म्हणणं असं की तो खोटं बोलला म्हणून मी वाचले. हे खरं असू शकतं. घरी नेलं असतं तर काय झालं असतं हे तपासण्याचा मार्ग नाही. मी एवढंच म्हणू शकते की भरती केल्यावरही मला काय झालंय ते कुणी त्याच्या वाक्यामुळे ओळखलं नाही. उलट त्या वाक्यामुळे माझे हात बांधले गेले, आणि बांधलेले होते म्हणून रात्रभर त्यांची थरथर कुणी बघितली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात. त्याला एकच हवी होती.

"मी ऐकत होते, दादा. तू बोलत होतास तेव्हा."

हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं डब्याचं झाकण उचललं, परत ठेवलं. "तू शुद्धीत नव्हतीस, बाय."

"होते."

"बरं, होतीस. आता काय करू? पाया पडू?"

"डॉक्टरांना सांग की ते खरं नाही. काढून टाकायला सांग."

"सांगतो की. त्यात काय हाय? एक शब्द."

घरी जाताना मिळालेल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं: रुग्ण आक्रमक, आईस मारहाण. आत भरती करतानाच्या कागदावर वरती 'माहिती देणारा : भाऊ' असं तरी होतं. सिस्टर फाइल चाळत असताना मी ते वाचलं होतं. बाहेरच्या कागदावर माहिती देणारा गळाला होता. माझ्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायची गरज नाही. कुणीतरी केलेला आरोप होता, त्याची वस्तुस्थिती झाली.

या एका ओळीचं एवढं काय, असं मला पुढे अनेकांनी विचारलं, म्हणून सांगते. माझा आजार जाणारा नाही. कधी ना कधी मला पुन्हा कॅज्युअल्टीत जावं लागेल. आजारासाठीच असं नाही, पाय मोडेल, छातीत दुखेल. कुणीतरी आधी हा कागद उघडेल, आणि माझ्या छातीला हात लावण्याआधी माझे हात बांधेल. मी काहीही म्हणाले तरी ती आक्रमक बाईची बडबड असेल. ती ओळ जायला हवी होती, आणि ती ज्यानं घातली त्याच्याशिवाय कुणाला काढता येत नव्हती.

हे मला ओपीडीत कळलं. पुढच्या गुरुवारी मी एकटीच गेले. सायकियाट्रीचे डॉक्टर सभ्य होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, लिथियमऐवजी दुसरी गोळी समजावून सांगितली, मिठाबद्दलही सविस्तर सांगितलं. मग मी त्या ओळीचा विषय काढला.

"तुम्ही म्हणता म्हणून मी कसं बदलू?" ते म्हणाले. "राग मानू नका, पण प्रत्येक पेशंट हेच म्हणतो की मी काही केलं नाही. ज्यांनी सांगितलं ते भाऊ आहेत ना तुमचे? त्यांना घेऊन या. ते समोर बोलले की मी तसं लिहितो. मला काही अडचण नाही."

आमच्याकडे चूक छापली तर ज्याच्याबद्दल छापली त्याचा फोन येतो आणि आतल्या पानावर छोटा खुलासा जातो. इथे खुलासा करण्याचा अधिकार चूक करणाऱ्याकडे होता. निदान नियम स्पष्ट होता.

तोवर मी शिरवण्यातच होते. अशक्तपणा होता, आईला मला सोडवत नव्हतं. त्या दिवसांत मला जाणवलं की मी आईजवळ बसले की वहिनी भाजी निवडायला तिथेच येऊन बसते. एकदा आईचे केस विंचरायला घेतले तर वहिनी म्हणाली, "राहू दे, बाय, मी करते. तू दमशील." तिनं फणी माझ्या हातातून अगदी हलकेच घेतली. विळी तिनं ओट्याखालून माळ्यावर ठेवली होती, ती काढायला स्टूल लागायचं. वहिनी रुग्णालयात नव्हती. दादानं घरी येऊन, बेड कसा मिळवला याची गोष्ट सांगितली असणार. जत्रेला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितली असणार. तो गोष्ट रंगवून सांगतो. ऐकणाऱ्यांनी त्यातलं त्याचं डोकं विसरून माझा हात लक्षात ठेवला.

मी आईला विचारलं. वहिनी बाजारात गेली होती.

"आई, मी तुला ढकललं?"

"नाय गो माजे बाय. कोन बोलतंय?"

"दादा बोलला. रुग्णालयात."

तिला माहीत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. पदर सारखा करत ती म्हणाली, "ते होय. ते तुज्यासाठी बोलला तो."

"तू ये माझ्याबरोबर. डॉक्टरांना सांग की मी तुला मारलेलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

 आई म्हणाली, "मारलं नाय, मना ठाव हाय. देवीला ठाव हाय. पन मी तिथं जाऊन तसा बोललू तर तुजा भाऊस खोटा पडंल ना? चार मानसांत त्याला खोटा नको पाडू, बाय. तुज्यासाठी किती पलाला तो."

"आणि मी?"

"तू काय? तू तर आजारीच होतीस."

मी दुसऱ्या दिवशी उलव्याला परत आले. आईनं डब्यात भरपूर मीठ घातलेलं लोणचं दिलं. नवस फेडायचा राहिला, याची तिला वेगळी काळजी होती.

दादा येईना. एका गुरुवारी टेम्पो महापेला बंद पडला. एका गुरुवारी कुणाचा साखरपुडा होता. एकदा तो निघाला आणि वाशीच्या पुलावर अडकलो म्हणून फोन आला. शिरवण्याहून यायला वाशीचा पूल लागत नाही.  फोनवर तो प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, "येतो ना, बाय. एक शब्द तर हाय. मी काय पलून चाललोय?"

शेवटी मी त्याला म्हणाले की आला नाहीस तर मी यापुढे शिरवण्याला येणार नाही. हे मी शांतपणे सांगितलं. तो त्याच आठवड्यात आला.

इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. बाहेर बाकावर बसलो तेव्हा त्यानं मला विचारलं, "कसं बोलू? तू सांग."

"जे झालं ते सांग. बेड मिळत नव्हता, म्हणून मी तसं सांगितलं. बहिणीनं कधीही कुणावर हात उगारलेला नाही. एवढंच."

"एवढंच," तो म्हणाला. ओठांतल्या ओठांत त्यानं ते म्हणून बघितलं. मला तो लहानपणी पाठांतर करायचा तसा वाटला.

आत गेलो. डॉक्टरांनी त्याला ओळखलं नाही, तो त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. "तुम्ही भाऊ ना? बसा. यांचं म्हणणं आहे की ती मारहाणीची माहिती चुकीची आहे. तुम्ही सांगा, काय आहे?"

दादानं हात गुडघ्यांवर ठेवले. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की तो बोलणार आहे. त्यालाही वाटत होतं, याची मला खात्री आहे.

"आता नाय मारत, सर," तो म्हणाला. "आता एकदम शांत हाय."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "व्हेरी गुड. म्हणजे नव्या गोळीचा फायदा झाला."

"लय फायदा. आईबरोबर पन चांगली राहते आता."

"तिनं कधीच मारलं नव्हतं," मी म्हणाले. मी स्वतःबद्दल 'ती' म्हणाले, हे बोलून झाल्यावर मला कळलं. आवाज मात्र चढलेला नव्हता, तेवढी काळजी मी घेतली होती. "दादा, सांग ना. तू कधी पाहिलंस?"

डॉक्टर दादाकडे बघत राहिले. दादा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. "जाऊ दे ना, सर," तो म्हणाला. "झालं गेलं. आजारी होती. आमचा काय राग नाय तिच्यावर."

"असं घर पाहिजे," डॉक्टर मला म्हणाले आणि लिहू लागले. वाचता येईल अशा अंतरावर कागद होता. आक्रमकता : सध्या नाही. औषधाने सुधारणा. भावाने दुजोरा दिला. या वेळी माहिती देणाऱ्याचा उल्लेख होता.

जुनी ओळ तशीच राहिली आणि तिच्याखाली ही नवी आली. जे मी कधी केलं नव्हतं ते मी आता सोडून दिलं होतं, अशी नोंद झाली.

बाहेर आल्यावर दादानं कपाळ पुसलं. "झालं ना? लिहून घेतलं त्यांनी. आता कोन तुला हात लावतो बघू."

"आपलं काय ठरलं होतं?"

"अगं, तसा कसा बोलू?" तो एकदम चिडला, आणि लगेच आवाज खाली आणला. माणसं बघत होती. "तोंडावर सांगू त्यांच्या, मी खोटा बोललो? मग पुढल्या खेपेला तुला घेऊन आलो तर माझ्यावर विश्वास कोन ठेवील? सांग तू. तुझ्यावर तर ते ठेवतच नाय. निदान माझ्यावर तरी ठेवायला पाहिजे ना?"

 त्याच्या हिशेबात चूक शोधता येत नव्हती. फक्त त्या हिशेबात मी कुठेच नव्हते.

तो चहा सांगायला टपरीकडे गेला. मी फाटकाबाहेर येऊन रिक्षा थांबवली आणि उलवे म्हणाले. रिक्षावाला लांबचं भाडं म्हणून कुरकुरला, मग बस म्हणाला. मागे वळून बघितलं तेव्हा दादा दोन ग्लास हातात घेऊन बाकाजवळ उभा होता आणि मला शोधत होता. मी बेलापूरपर्यंत गेले असेन, तेव्हा त्याचा फोन आला. मी घेतला नाही. मग आईचा आला. तो घेतला.

"दादा बोलला, तुजं काम झालं," आई म्हणाली. आवाजात खरा आनंद होता. "आता रविवारी ये. वहिनीला मी सांगितलंय, घाबरायचं कारन नाय आता."